डोळ्यांपुरती मराठी

भाषाविज्ञानाच्या पहिल्या काही तासांत आपण सर्वच जण एक वाक्य फळ्यावर लिहून देतो: भाषा ही मूलतः ध्वनिरूप असते, लिपी हे तिचे नंतरचे, दृश्य रूप होय. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत ते जसेच्या तसे आपल्याकडे परत येते, आपण त्याला गुण देतो आणि विषय तेथे संपतो. या वाक्याचा खरा अर्थ मला कळला तो पंधराएक वर्षे ते शिकवून झाल्यानंतर, २०२० सालच्या टाळेबंदीत, आणि तोही माझ्याच एका विद्यार्थ्याच्या फोनमुळे.

त्या वर्षी मार्चमध्ये महाविद्यालये बंद झाली आणि आम्हा सर्वांचे अध्यापन फोनवर आले. माझी नोकरीची सुरुवातीची वर्षे साताऱ्यात गेली, पुढे मी सांगलीत आलो. दोन्हीकडे मिळून जमवलेली अर्वाचीन कवितेवरची माझी टिपणे संगणकात होती. ती मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पाठवून दिली आणि कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात राहिलो. त्या वर्गात जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यातला, जन्मापासून दृष्टिहीन असलेला एक विद्यार्थी होता. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय, जिला स्क्रीन रीडर म्हणतात, ती त्याच्या फोनमध्ये होती आणि तिच्यावर त्याची चांगली हुकमत होती. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"सर, फाइल घावली, पण फोन मराठी बोलंना झालाय. नुसतं डीफोर्क डीफोर्क करायला लागलाय."

त्याच्या फोनमध्येच काही बिघाड असावा, असे मी गृहीत धरले. दुसऱ्या कुणाच्या फोनवर ऐकून बघ, असा सल्लाही दिला. तो शांतपणे म्हणाला, "फोनला काय झालं नाही सर. सकाळी बातम्या वाचल्या की त्यानं."

बिघाड खरोखरच फोनमध्ये नव्हता. 'डीफोर्क' म्हणजे 'कविता'. माझी टिपणे यूनिकोडपूर्व जुन्या टंकात होती. कृतिदेवसारख्या टंकांची रचना अशी असते, की रोमन 'डी'च्या जागी 'क'चे चित्र बसवलेले असते, 'ओ'च्या जागी 'व'चे, 'आर'च्या जागी 'त'चे, 'के'च्या जागी कान्याचे आणि 'एफ'च्या जागी पहिल्या वेलांटीचे. पडद्यावर आपल्याला 'कविता' दिसते. संगणकाच्या लेखी मात्र तेथे डी, एफ, ओ, आर, के ही पाच रोमन अक्षरेच असतात. याच हिशेबाने खुद्द 'मराठी' हा शब्द ई, जे, के, बी, एच असा साठवलेला असतो. डोळस वाचकाला याचा पत्ताही लागत नाही. जो कानाने वाचतो त्याला मात्र जे प्रत्यक्षात लिहिलेले आहे तेच ऐकू येते. मी त्या मुलाला चाळीस पाने मराठी पाठवली, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी त्याला मराठीचे एक अक्षरही पाठवले नव्हते.

यात त्या टंकांना दोष देण्यात अर्थ नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत संगणकावर मराठी छपाई शक्य झाली ती अशाच उपायांमुळे. त्या काळी संगणकावरचा मजकूर हा कागदावर छापण्यासाठीच असे, आणि कागदावर अक्षराचे चित्र उमटले की काम भागत असे. परंतु देवनागरीला यूनिकोडमध्ये स्वतःचे संकेतांक मिळाले ते १९९१ साली. विंडोज २००० पासून सामान्य घरगुती संगणकही ते संकेतांक ओळखू लागला. म्हणजे याला पाव शतक उलटून गेले. आता कागद हे लिखाणाचे अंतिम ठिकाण राहिलेले नाही. टिपणे, प्रश्नसंच, परिपत्रके, संशोधनपत्रिका, सारे काही पडद्यावरच लिहिले आणि पडद्यावरच वाचले जाते. आपली सवय मात्र अजून कागदाचीच आहे.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. जुन्या टंकांत 'वि' लिहिताना वेलांटी आधी साठवली जाते आणि 'व' नंतर, कारण डोळ्याला ती डावीकडे आधी दिसते. यूनिकोडमध्ये हा क्रम उलटा आहे: आधी 'व', मग वेलांटी. म्हणजेच आपण शाळेत बाराखडी घोकताना जो क्रम म्हणत असू, व ला काना वा, व ला पहिली वेलांटी वि, तोच हा क्रम. १९५१ साली भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही एकसमान ब्रेल व्यवस्था स्वीकारली गेली, तिच्यातही वेलांटी व्यंजनानंतरच येते. बोटांनी वाचणाऱ्यांची लिपी, पाटीवर बाराखडी म्हणणारी मुले आणि संगणकाची आधुनिक संकेतप्रणाली ही तिन्ही उच्चाराच्या क्रमाने जातात. केवळ चित्र पाहणारी आपली सवयच तेवढी वेगळी पडली. माझ्या फळ्यावरच्या वाक्याचा अर्थ तो हा.

पुढच्या दोन महिन्यांत मी ती टिपणे यूनिकोडमध्ये आणली. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या फुकट मिळतात. मात्र त्या जोडाक्षरांत चुका करतात आणि माणसाला ते सगळे पुन्हा वाचावे लागते. वाचण्याचे हे काम आम्ही दोघांनी मिळून केले, आणि मुद्रितशोधक म्हणून तो माझ्यापेक्षा सरस निघाला. एके दिवशी म्हणाला, "सर, तिसऱ्या पानावर 'दर्या' म्हणतोय. तिथं डोंगराचं चाललंय, दर्या कुठनं आला?" तेथे 'दऱ्या' हवे होते. सातारा-महाबळेश्वरच्या दऱ्यांवरचे ते वाक्य मी किमान दहा वेळा नजरेखालून घातले होते. पण माझा डोळा अर्थ आधीच धरून चालत होता. त्याचा कान तसे करीत नव्हता.

मग अशा पुष्कळ गोष्टी ध्यानात आल्या. मराठीत आपण सर्रास विसर्गाच्या जागी अपूर्णविराम आणि अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टंकित करतो, कारण दोन्ही दिसायला सारखेच दोन टिंब. परिपत्रकात 'विषय' या शब्दापुढे विसर्ग दिला, की स्क्रीन रीडर त्याचा उच्चार 'विषयह' असा करू शकतो. मजकुराची भाषा मराठी आहे, हे संगणकाला सांगितले नाही, तर तो एखाद्या हिंदी आवाजात आपले मराठी वाचू लागतो, आणि मग 'चंद्र' आणि 'चांदणे' यांतल्या 'च'चा फरक पुसला जातो. प्रकरणाचे शीर्षक आपण केवळ ठळक आणि मोठे करतो. डोळ्याला ते शीर्षक वाटते. परंतु 'शीर्षक' म्हणून त्याची नोंद केलेली नसेल तर ऐकणाऱ्याला एका प्रकरणावरून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही. डोळस वाचक पाने चाळतो, तसे त्याला चाळता येत नाही. चाळीस पानांतले तिसावे पान हवे असेल, तर आधीची एकोणतीस ऐकत बसावे लागते. शीर्षकाची अशी नोंद करण्याची सोय प्रत्येक लेखन-आज्ञावलीत असते. ती शिकायला एक तास पुरतो.

चित्रांची गोष्ट आणखी निराळी. चित्राला पर्यायी वर्णन जोडण्याची सोय असते; स्क्रीन रीडर चित्रापाशी आला की ते वर्णन वाचतो. हे तांत्रिक काम आहे, असे समजून आपण ते संगणकाच्या जाणकारांवर सोडतो. वास्तविक ते लेखनाचे काम आहे. सज्जनगडाचे एक छायाचित्र भूगोलाच्या पाठात असेल, तर वर्णनात डोंगराचा सपाट माथा आणि त्याचे कडे यायला हवेत. तेच छायाचित्र समर्थ रामदासांवरच्या टिपणात असेल, तर गडावरचे त्यांचे समाधिस्थान आधी यायला हवे. चित्र तेच, पण ते येथे कशासाठी आले आहे, हे ओळखून दोन वाक्यांत सांगायचे. संदर्भानुसार अर्थ लावणे आणि नेमके सांगणे, हेच तर आपण आयुष्यभर शिकवत आलो.

हे सगळे अभ्यासक्रमापुरते असते, तरी महत्त्वाचे होते. परंतु कृष्णाकाठी राहणाऱ्याला आणखी एक उदाहरण विसरता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. अशा दिवसांत पुलाजवळची पातळी, धरणातला विसर्ग, बंद झालेले रस्ते, निवारा केंद्रांची ठिकाणे ही माहिती फोनाफोनी फिरत असते, आणि ती पुष्कळदा चित्राच्या स्वरूपात असते: रंगीत पार्श्वभूमीवर अक्षरे कोरलेले चित्र, किंवा सहीशिक्क्याच्या कागदाचे छायाचित्र. दृष्टिहीन माणसाचा फोन तेथे 'चित्र' एवढेच म्हणतो आणि गप्प बसतो. त्या चित्राखाली तोच मजकूर चार ओळींत टंकित करायला दोन मिनिटे लागतात. दृकश्राव्य आवाहनात शब्द पडद्यावर उमटले नाहीत, तर कर्णबधिर माणसाचीही हीच गत होते. पाणी मात्र सर्वांच्या दारात एकाच वेळी येते.

यावर नेहमी निघणारा एक आक्षेप सद्भावनेतूनच येतो: घरचे कोणी, वर्गमित्र कोणी वाचून दाखवतीलच की. आपल्याकडे श्रवणाची परंपरा मोठी आहे. पोथी एकाने वाचायची आणि दहांनी ऐकायची, ही आपली जुनी रीत. तेव्हा ऐकून शिकणाऱ्याचे यात काय अडते, असे मलाही वाटे. त्या विद्यार्थ्याला आजवर सारे काही त्याच्या धाकट्या बहिणीने वाचून दाखवले होते. टिपणे दुरुस्त झाल्यावर त्याने माझ्याकडे पहिली मागणी केली ती प्रेमकवितांची. परीक्षेला त्या नव्हत्या. मी कारण विचारले तेव्हा जरा थांबून म्हणाला, "असल्या कविता बहिणीला वाच म्हणायला लाज वाटती, सर. आजपत्तुर एक बी वाचल्याली नाही."

वीस वर्षांचा, मराठी घेऊन पदवी करणारा मुलगा, आणि त्याने एकही प्रेमकविता वाचलेली नाही. वाचून दाखवणारा माणूस प्रेमळ असला तरी तो तेथे असतो. त्याच्यादेखत एकच ओळ पाच वेळा वाचता येत नाही, कंटाळवाणे पान सोडून देता येत नाही, डोळ्यांत पाणी आले तर ते लपवता येत नाही. एकांतात वाचणे ही डोळस माणसाला इतकी सहज मिळालेली गोष्ट आहे, की ती कोणाला नाकारली जात असेल, हे आपल्या मनातही येत नाही. साहित्य शिकवणाऱ्याने तरी ते मनात आणायला हवे.

दुसरा आक्षेप संख्येचा. वर्गात असा एखादाच विद्यार्थी. त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. शिवाय नीट लिहिलेला मजकूर शोधता येतो, मोठा करून पाहता येतो, वृद्धांना आणि वाचनाची अडचण असणाऱ्या मुलांनाही उपयोगी पडतो. हे सर्व खरे आहे. पण मी यावर फार भर देणार नाही. 'इतरांनाही फायदा होतो म्हणून करा' या म्हणण्यात, इतरांना फायदा नसता तर करायची गरज नव्हती, अशी कबुली दडलेली असते. वर्गात एकच मुलगा असला तरी तो फी भरून बसलेला आपला विद्यार्थीच आहे.

कायद्याने तर ही गोष्ट केव्हाच स्पष्ट केली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४२ नुसार श्राव्य, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सर्वांना वापरता येईल अशा रूपात उपलब्ध होईल, हे पाहणे शासनाचे कर्तव्य आहे. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारसवजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे म्हटले. त्यानंतर प्रज्ञा प्रसून प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पुस्तकांच्या बाबतीतही वाट मोकळी आहे. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी, नफा न कमावता, पुस्तकाची सुगम प्रत तयार करण्यास मुभा दिली, आणि त्यासाठी पात्र असलेल्या संस्थांत शासनमान्य शैक्षणिक संस्था आणि ग्रंथालयांचा स्पष्ट समावेश आहे. दृष्टिहीनांसाठीच्या माराकेश कराराला २०१४ साली सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच. स्क्रीन रीडरही फुकट आहे: एनव्हीडीए ही आज्ञावली मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केली, आणि ती मराठीही वाचते. थोडक्यात, कायदा आहे, साधन आहे. तिला वाचण्याजोगे मराठी देणे तेवढे आपल्याकडे राहिले आहे.

ते देता येते, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश आकाराला आला. त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. ते जाडजूड खंड दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या हाती देऊन उपयोग नव्हता. आज त्यांतील नोंदी संकेतस्थळावर यूनिकोड मजकूर म्हणून आहेत, आणि माझा विद्यार्थी त्या स्वतः शोधून ऐकतो. उलट, आपली असंख्य जुनी पुस्तके 'डिजिटल' झाली म्हणून आपण आनंद मानतो, पण ती केवळ पानांची छायाचित्रे असतात. जतन म्हणून त्यांचे मोल आहेच; पण कानाने वाचणाऱ्याला ती बंदच राहतात.

म्हणून या दोन जिल्ह्यांतील मराठी विभागांपुढे एक साधी सूचना ठेवावीशी वाटते. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. देवल १९१६ साली गेले, खाडिलकर १९४८ साली. दोघांच्याही नाटकांवर आता स्वामित्वहक्क उरलेला नाही. छायाचित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणाऱ्या आज्ञावल्या आता मराठीलाही बऱ्यापैकी साथ देतात. प्रत्येक विभागाने वर्षाला एक नाटक घ्यावे, असा मजकूर तयार करावा आणि विद्यार्थ्यांकडून तो अक्षर अन् अक्षर तपासून घ्यावा. अंक, प्रवेश, पात्रांची नावे यांची नीट नोंद करावी आणि शेवटची तपासणी कानाने वाचणाऱ्याकडून करून घ्यावी. या कामासाठी नव्या शैक्षणिक धोरणातील क्षेत्रीय प्रकल्पाचे तास आहेत. आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यात तर 'कमवा आणि शिका' ही योजना आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू करताना, शाळेच्या दाराबाहेर कोण राहिले आहे, हाच प्रश्न कर्मवीरांपुढे होता. आज तो प्रश्न आपल्या फाइलींविषयी विचारायचा आहे. शुद्धलेखन, मुद्रितशोधन, पाठचिकित्सा हे आपलेच विषय आहेत, आणि त्यांचा इतका थेट उपयोग दुसरीकडे क्वचितच सापडेल. मात्र या कामासाठी विद्यार्थ्याला मोबदला द्यावा. दृष्टिहीन तपासनिसाला तर द्यावाच. त्याने हे फुकट करावे, या अपेक्षेमागे त्याच्यावर आपण उपकार करीत आहोत, ही जुनी समजूत लपलेली असते.

तोवर प्रत्येकाने स्वतःपासून आरंभ करायला हरकत नाही. पुढचे टिपण पाठवण्याआधी आपल्याच फोनमधला स्क्रीन रीडर सुरू करावा, पडदा झाकावा आणि आपण लिहिलेले ऐकावे. मी ते केले तेव्हा पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या कितीतरी चुका मला ऐकू आल्या.

भाषा मूलतः ध्वनिरूप असते, हे वाक्य मी अजूनही दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. फरक इतकाच, की आता लिहिता लिहिता ते मोठ्याने म्हणतो. पूर्वी मी वर्गाकडे पाठ करून मुकाट्याने लिहीत असे, आणि त्या अर्ध्या मिनिटात मागच्या बाकावरचा तो मुलगा काय करीत असेल, याचा विचार मी कधीच केला नव्हता.